प्रेशर १४ असूनही काचबिंदू वाढतो तेव्हा: उतारवयातल्या रक्तवाहिन्या आणि डोळ्याची नस

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७३ वर्षांचे, काही वर्षांपासून काचबिंदूचे थेंब नियमित चालू. डोळ्याचं प्रेशर दर भेटीत १३-१४, म्हणजे नॉर्मल भरतं, तरी वर्षभरात डाव्या डोळ्याची फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी तपासणी, खालावली. डॉक्टर म्हणाले, ‘वयामुळे नसेचा रक्तपुरवठा कमी पडतोय.’ मुलाने तीन गोष्टी विचारल्या आहेत: असं खरंच होतं का, वडील बीपीची गोळी हल्ली रात्री घेतात त्याचा संबंध असेल का, आणि रक्ताभिसरण वाढवणारी एखादी गोळी सुरू करावी का.

काचबिंदूचे रुग्ण मी रोज तपासते आणि हे वाक्य ऐकून घरच्यांचं काय होतं तेही पाहते. ‘रक्तवाहिन्या म्हाताऱ्या झाल्या’ म्हटलं की काहींना वाटतं आता हातात काही उरलं नाही, आणि थेंब टाकण्यात ढिलाई येते. काही जण उलट रक्त पातळ करणाऱ्या किंवा ‘सर्क्युलेशन’च्या गोळ्यांमागे लागतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचंच. तुमच्या तीन प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: रक्तपुरवठ्याच्या बाजूने आज बदलता येण्यासारखं नेमकं काय आहे? तसं थोडंच असतं, पण ते महत्त्वाचं असतं, आणि बहुतेक वेळा ते रात्रीच्या बीपीत सापडतं.

पण दोष रक्तवाहिन्यांवर टाकण्याआधी दोन खात्र्या करून घ्याव्या लागतात. पहिली, फील्ड खरंच खालावली का? सत्तरीपुढच्या माणसाला ती टेस्ट दमवते. झोप अपुरी झालेली असेल, पापणी थोडी उतरलेली असेल, मोतीबिंदू वाढलेला असेल, तर आलेख बिघडलेला दिसतो. एका खराब टेस्टवर मी निर्णय घेत नाही. ती पुन्हा करून घेते आणि बिघाड त्याच जागी, तशाच आकाराचा येतोय का ते बघते. ओसीटीवर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनवर, मज्जातंतूंचा थर त्याच भागात पातळ झालेला दिसला तर शंका उरत नाही.

दुसरी खात्री त्या १४ आकड्याची. तो दिवसातल्या एका क्षणाचा, खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाचा आकडा आहे. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असेल तर यंत्र प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. काही जण एरवी थेंब विसरतात आणि तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत मात्र चुकवत नाहीत. डोळ्याच्या आतला द्रव जिथून बाहेर पडतो तो कोन अरुंद असेल तर प्रेशर मधूनच चढून उतरतं आणि भेटीच्या वेळी नॉर्मल दिसतं. म्हणून कोन तपासणारी गोनिओस्कोपी झाली आहे का, आणि प्रेशर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजलं आहे का, हे डॉक्टरांना विचारा. नस पांढरी जास्त आणि खोलगट कमी दिसत असेल, किंवा फील्डचा दोष काचबिंदूच्या नेहमीच्या नमुन्यात बसत नसेल, तर मेंदूचा स्कॅनही करावा लागतो. हे सगळं झालेलं असेल तर तुमच्या डॉक्टरांच्या वाक्यात तथ्य आहे, आणि पुढचं सगळं त्याबद्दल.

डोळ्याची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, सुमारे दहा-बारा लाख तंतूंची असते. हे तंतू डोळ्याच्या मागच्या बाजूने, लॅमिना क्रिब्रोसा नावाच्या जाळीदार पडद्यातून बाहेर पडतात. काचबिंदूचं मुख्य नुकसान याच ठिकाणी होतं. नसेच्या अगदी पृष्ठभागावरच्या थराला दृष्टिपटलाच्या मुख्य रोहिणीच्या फांद्या रक्त देतात, तर जाळीच्या आसपासच्या भागाचा पुरवठा बऱ्याच अंशी पोस्टीरियर सिलियरी नावाच्या बारीक रोहिण्यांवर अवलंबून असतो. या बारीक रोहिण्यांची मांडणी माणसागणिक वेगळी असते. म्हणून एकाच वयाच्या, एकाच प्रेशरच्या दोन माणसांच्या नसा सारख्या वागत नाहीत.

रक्त डोळ्यात शिरायचं तर त्याचा दाब डोळ्यातल्या दाबापेक्षा जास्त हवा. टायरमध्ये हवा भरताना पंपाचा जोर आतल्या हवेपेक्षा जास्त लागतो, तसंच हे. या दोन दाबांतल्या फरकाला आम्ही परफ्युजन प्रेशर म्हणतो. ढोबळ हिशोबासाठी बीपीचा खालचा आकडा घ्यायचा आणि त्यातून डोळ्याचं प्रेशर वजा करायचं. बीपी १५०/७० आणि डोळ्याचं प्रेशर १४ असेल तर उरतात ५६.

तरुण वयात हा फरक थोडा वरखाली झाला तरी बिघडत नाही. दाब कमी झाला की बारीक रक्तवाहिन्या आपोआप रुंदावतात, वाढला की आखडतात, आणि नसेला मिळणारं रक्त जवळपास तेवढंच राहतं. दृष्टिपटलातल्या आणि नसेच्या टोकाजवळच्या रक्तवाहिन्या हे काम मुख्यतः स्वतःच, जागच्या जागी करतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडून तिला सैल करतं, एंडोथेलिन सोडून आखडवतं, आणि भिंतीभोवतीच्या पेरिसाइट पेशी त्याला साथ देतात.

वय वाढतं तसं या यंत्रणेत दोन बदल होतात. पहिला मोठ्या रोहिण्यांत. महारोहिणीच्या भिंतीतले लवचीक इलॅस्टिनचे धागे झिजतात, कोलॅजेन वाढतं, भिंत ताठर होते. त्यामुळे साठीनंतर बीपीचा वरचा आकडा चढत जातो आणि खालचा उतरायला लागतो. १६०/६५ असे आकडे उतारवयात दिसतात ते यामुळेच. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: ‘हाय बीपी’चा शिक्का बसलेल्या माणसाचा खालचा आकडा कमी असू शकतो, आणि परफ्युजनच्या हिशोबात तोच मोजायचा असतो. शिवाय ताठर नळीतून हृदयाच्या ठोक्याचा धक्का न मुरता पुढे जातो आणि बारीक वाहिन्यांना इजा करतो.

दुसरा बदल त्या बारीक वाहिन्यांचाच. अस्तर नायट्रिक ऑक्साईड कमी बनवतं, आखडवणारी द्रव्यं वरचढ ठरतात आणि आपोआप जुळवून घेण्याची ताकद घटते. आधी दाब बराच खाली गेला तरी नस सांभाळून घेत असे, आता थोड्या घसरणीतही तिला रक्त कमी पडतं. मधुमेह, धूम्रपान आणि बरीच वर्षं अनियंत्रित राहिलेलं बीपी हाच बदल लवकर घडवून आणतात. म्हणून मला रुग्णाच्या जन्मतारखेपेक्षा त्याच्या रक्तवाहिन्यांवर काय काय गुजरलं आहे ते कळणं जास्त उपयोगाचं वाटतं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर आय सर्व्हेत हे फार स्पष्ट दिसलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, साठीच्या आतल्या लोकांत उच्च रक्तदाब आणि काचबिंदू यांचा धोकादायक संबंध दिसला नाही, पण सत्तरीपुढे दिसला. परफ्युजन प्रेशर सर्वांत कमी असलेल्या गटात काचबिंदूचं प्रमाण सुमारे सहा पट होतं. मला पटणारं स्पष्टीकरण असं की बीपी सुरुवातीला रक्त ढकलायला मदत करतं, आणि तेच वर्षानुवर्षं चढं राहिलं की ज्या वाहिन्यांतून रक्त जायचं त्यांनाच ते झिजवतं. त्या सहा पट आकड्याकडे मात्र सावधपणे पाहते, कारण वजाबाकीत डोळ्याचं प्रेशर आधीच धरलेलं असतं. ज्याचं प्रेशर जास्त, तो आपोआप कमी परफ्युजनच्या गटात जाऊन बसतो.

आता रात्रीकडे वळू, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच आहे. झोपेत बीपी १० ते २० टक्क्यांनी उतरणं नैसर्गिक आहे. त्याच वेळी आडवं झाल्याने डोळ्याचं प्रेशर बसलेल्या स्थितीपेक्षा वाढतं. म्हणजे रक्त ढकलणारा दाब घटतो आणि विरोध करणारा वाढतो. वरचाच माणूस पहाटे पाहा: बीपी १०५/५० आणि डोळ्याचं प्रेशर १९ झालं तर फरक ३१ वर येतो. दवाखान्यात ५६ होता. आडवं झाल्यावर डोळा हृदयाच्या पातळीवर येत असल्याने थोडी भरपाई होते, म्हणून ही वजाबाकी शब्दशः घेऊ नका. पण दिशा बरोबर आहे. जुळवून घेण्याची ताकद शाबूत असलेली नस अशी रात्र सहज काढते. थकलेल्या रक्तवाहिन्यांच्या नसेला ती रोज रात्री थोडी थोडी महागात पडू शकते.

नेत्रतज्ज्ञ सोहन सिंग हेरे यांनी नसेच्या रक्तपुरवठ्यावर दीर्घकाळ काम केलं आणि रात्रीच्या कमी बीपीकडे १९९४ साली ठळकपणे लक्ष वेधलं. पुढे २०१४ साली नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूवरच्या एका अभ्यासात दिसलं की झोपेतलं सरासरी बीपी दिवसाच्या सरासरीपेक्षा १० मिलिमीटरने खाली जितका जास्त वेळ आणि जितकं जास्त जातं, तितकी फील्ड बिघडण्याची शक्यता वाढते. म्हणून प्रेशर ताब्यात असूनही काचबिंदू वाढणाऱ्या वयस्क रुग्णाला मी २४ तासांचं बीपी मॉनिटर लावायला सांगते. दंडाला पट्टा बांधून घरीच राहायचं, यंत्र ठरावीक वेळाने बीपी नोंदवत जातं. पट्टा फुगल्याने झोपमोड होते, तेवढी एक रात्र सहन करावी लागते. उतार २० टक्क्यांहून जास्त निघाला, किंवा खालचा आकडा पहाटे पन्नासच्या आत राहिला, तर फिजिशियनशी बोलण्यासाठी हातात ठोस कागद असतो.

हे बोलणं कसं करायचं ते महत्त्वाचं आहे. कृपा करून बीपीची गोळी आपणहून बंद करू नका आणि अर्धीही करू नका. पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका खरा आहे, आणि अनियंत्रित बीपी शेवटी डोळ्यांच्या वाहिन्याही बिघडवतं. विचारायचं एवढंच: ‘ही गोळी सकाळी घेतली तर चालेल का?’ ब्रिटनमधल्या टाइम या मोठ्या अभ्यासाने २०२२ साली दाखवलं की हृदय आणि मेंदूच्या संरक्षणाच्या दृष्टीने गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी, फरक पडत नाही. त्यामुळे बऱ्याच रुग्णांची गोळी सकाळी नेण्यात अडचण नसते. कॅनडात झालेल्या बेडमेड अभ्यासात, २०२५ साली, रात्री गोळी घेणाऱ्यांत नवा काचबिंदू जास्त आढळला नाही, हेही तितकंच खरं. पण ते सर्वसाधारण बीपीचे रुग्ण होते. ज्यांची नस आधीच पुष्कळ खराब आहे आणि बिघडतच चालली आहे, अशांच्या बाबतीत मी तेवढ्यावर विसंबत नाही. तुमच्या वडिलांना गोळी रात्रीच का दिली आहे हेही आधी विचारा. काहींचं बीपी रात्री उतरतच नाही, उलट चढतं. त्यांना रात्रीचीच गोळी योग्य असू शकते. प्रोस्टेटसाठी रात्री दिली जाणारी काही औषधंही बीपी उतरवतात, ती यादीतून सुटू नयेत.

बीटा ब्लॉकर जातीचे थेंब, उदाहरणार्थ टिमोलॉल, डोळ्यातून थोडे रक्तात उतरतात आणि नाडी-बीपी कमी करू शकतात. शिवाय झोपेत डोळ्याच्या आतला द्रव मुळातच कमी तयार होत असल्याने रात्री त्यांचा प्रेशरवर परिणाम नगण्य असतो. मग संध्याकाळची मात्रा कशासाठी, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. लॅटॅनोप्रोस्टसारखे प्रोस्टाग्लँडिन गटातले थेंब रात्रीही काम करतात. थेंब टाकल्यावर डोळे मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला तर औषध रक्तात कमी जातं.

यावर काही जण म्हणतात, ‘दोष रक्तपुरवठ्याचा आहे तर प्रेशरचे थेंब कशाला?’ थेंब सोडणं ही यातली सगळ्यात मोठी चूक ठरेल. रक्तवाहिन्या तरुण करणारं औषध आज नाही, पण वजाबाकीतला दुसरा आकडा आपल्या हातात आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूवरच्या मोठ्या सहयोगी अभ्यासात, मुळात नॉर्मल असलेलं प्रेशर आणखी ३० टक्क्यांनी उतरवल्यावर बिघाडाचा वेग कमी झाला. स्वीडनमधल्या दुसऱ्या दीर्घ अभ्यासात प्रेशर १ मिलिमीटरने उतरलं की वाढीचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटत असल्याचं दिसलं. म्हणजे तुमच्या वडिलांना कदाचित १४ पुरेसं नाही, ११ किंवा १२ लागेल. त्यासाठी आणखी एक थेंब, लेझर, किंवा क्वचित शस्त्रक्रिया करावी लागेल. ७३ व्या वर्षी ते कितपत करायचं हे उरलेली नजर, बिघाडाचा वेग, दुसऱ्या डोळ्याची स्थिती आणि एकूण तब्येत पाहून ठरतं. मधल्या नजरेच्या अगदी जवळ डाग आला असेल तर मी थांबत नाही. कडेलाच असेल आणि वेग संथ असेल तर थोडी वाट पाहता येते.

रक्तपुरवठा हे कारण की परिणाम, हा वाद अजून मिटलेला नाही, हे सांगणं मला गरजेचं वाटतं. ओसीटी अँजिओग्राफीत, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, काचबिंदूच्या नसेभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं विरळ दिसतं. पण तंतूच मेले तर रक्ताची गरज घटते आणि वाहिन्याही ओसरतात. त्यामुळे त्या छायाचित्रात विरळ जाळं दिसलं म्हणून ‘रक्त कमी पडल्यानेच नस गेली’ असं सिद्ध होत नाही. मला त्यापेक्षा एका साध्या खुणेची काळजी जास्त वाटते: नसेच्या कडेला दिसणारा बारीक, रेघेसारखा रक्तस्राव. तो काही आठवड्यांत विरून जातो. ओसीटीच्या आलेखावर तो सहसा नजरेत येत नाही, डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नीट पाहिलं किंवा नसेचा फोटो काढला तरच सापडतो. तो दिसला तर काचबिंदू सक्रिय आहे असं मी धरते आणि प्रेशरचं लक्ष्य खाली आणते.

आता तिसरा प्रश्न. रक्ताभिसरणाच्या गोळ्या मी काचबिंदूसाठी देत नाही. जिंको बिलोबा या वनस्पतीच्या अर्कावर झालेल्या छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. वडील हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध घेत असतील तर जिंकोने रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो. शरीरभर रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं बीपी उतरवतात, म्हणजे नसेकडचा दाब आणखी कमी करू शकतात. निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, यावरचे सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक आहेत, पण अभ्यासातली मात्रा नेहमीच्या आहारातल्या मात्रेच्या कितीतरी पट असते आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. दुकानातून आणून स्वतः सुरू करण्यासारखं ते नाही.

त्यापेक्षा या गोष्टी तपासून घ्या. वडील जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकून दचकतात का, दिवसा पेंगतात का? स्लीप अ‍ॅप्नियात रात्रभर ऑक्सिजन वरखाली होतो, आणि काचबिंदूशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. हिमोग्लोबिन पाहा, नाडी अनियमित आहे का ते पाहा. धूम्रपान असेल तर ते थांबवणं हा रक्तवाहिन्यांवरचा सगळ्यात थेट उपचार आहे. रोज झपझप चालण्याने डोळ्याचं प्रेशरही थोडं उतरतं आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही फायदा होतो. शीर्षासन मात्र बंद करायला सांगा, त्या स्थितीत डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट होतं. डोकं फार खाली जाणारी इतर आसनंही टाळलेली बरी.

शेवटी, या वयात नजर एकाएकी गेली तर ती ‘काचबिंदू वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. काचबिंदूच्या या प्रकारात नजर महिन्या-वर्षांच्या गतीने जाते. सकाळी उठल्यावर एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं, अर्धी नजर गेली किंवा काही मिनिटं अंधार होऊन परत दिसू लागलं, तर तो रक्तवाहिन्यांचा तातडीचा आजार असू शकतो. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात रुग्णालय गाठा. सोबत कानशिलाजवळ दुखत असेल, केस विंचरताना टाळू दुखत असेल किंवा जेवताना चावून चावून जबडा दुखत असेल, तर दारातच तसं सांगा. रोहिण्यांना सूज येणारा जायंट सेल आर्टरायटिस पन्नाशीनंतरच होतो, आणि स्टेरॉइड वेळेत सुरू झालं नाही तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.